झेनमध्ये एस्टीमचे १३०० सीसी इंजिन: कप्पी बांधण्याआधी

तुमचा प्रश्न असा आहे. १९९७ची कार्ब्युरेटर असलेली मारुती झेन तुम्ही जपून वापरली आहे, बॉडी सडलेली नाही, पण इंजिन ऑइल खाऊ लागले आहे. भंगाराच्या एका व्यापाऱ्याकडे मारुतीच्याच एस्टीमचे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे) इंजिन गिअरबॉक्ससह पाहून ठेवले आहे, आणि घरामागच्या शेडमध्ये मेकॅनिक मित्राच्या मदतीने ते बसवून शनिवार-रविवारी सांगली ते पुणे अशी गाडी चालवावी, असा बेत आहे. यांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. गेल्या पंचवीस वर्षांत मी अशा चार गाड्या केल्या. त्यांतल्या तीन केवळ ट्रॅकवर आणि स्पर्धेत चालल्या, एक सुरुवातीच्या काळात रस्त्यावर चालली, आणि तिच्याविषयी मला आज फारसा अभिमान नाही. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीसाठी माझे उत्तर ‘करू नका’ असे आहे. ट्रॅकसाठी गाडी बांधायची असेल तर जरूर करा, पण पुढे लिहिले आहे त्या बाबी सांभाळून करा.

हा बदल लोकांना सुचतो तो उगाच नाही. झेनचे ९९३ सीसीचे इंजिन आणि एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन ही सुझुकीच्या एकाच ‘जी’ घराण्यातली भावंडे आहेत. झेनच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टन सरकतो ते अंतर) ६१ मिलिमीटर, तर एस्टीमचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर, म्हणजे जास्तीची क्षमता मुख्यतः स्ट्रोक वाढवून मिळवलेली आहे. दोन्ही ब्लॉक अॅल्युमिनियमचे असल्याने पुढच्या चाकांवर फारसे वजन वाढत नाही, आणि गिअरबॉक्स जिथे इंजिनाला जोडला जातो तिथले बोल्ट एकमेकांशी जुळतात. कार्ब्युरेटरच्या झेनची ताकद ५० अश्वशक्ती, सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय एस्टीमची ८५. साडेसातशे किलोच्या आसपासच्या गाडीत हा फरक पहिल्याच चढावर कळतो. मोह होतो तो याचमुळे, आणि तो मलाही झाला होता.

आता कायद्याकडे येतो, कारण बहुतेक जण हा भाग शेवटी वाचतात आणि तोपर्यंत पैसे खर्च झालेले असतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. तुमच्या आर.सी. बुकात इंजिन क्रमांकाबरोबरच क्यूबिक कपॅसिटीही छापलेली आहे. ९९३ च्या जागी १२९८ आले की विसंगती कागदावरच उभी राहते, ती दाखवायला कोणा तज्ज्ञाची गरज लागत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ असाच कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीएनजी किंवा विजेच्या किटची वाट वेगळी आहे. ती मान्यताप्राप्त किटपुरती आणि आर.टी.ओ.च्या मंजुरीने खुली आहे. त्याच मॉडेलचे, त्याच क्षमतेचे इंजिन बदलून त्याचा क्रमांक आर.टी.ओ.च्या परवानगीने चढवून घेणे हाही स्वतंत्र विषय आहे. मोठ्या क्षमतेच्या इंजिनाला यांपैकी कोणतीही वाट लागू पडत नाही.

दंडाची रक्कम पाहून ‘एवढेच ना’ असे म्हणणारे मला भेटतात. खरी अडचण दोन ठिकाणी येते. १९९७च्या गाडीची पंधरा वर्षांची मूळ नोंदणी केव्हाच संपली असून तुम्ही पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत असणार. दर वेळी पासिंगला निरीक्षक चासी आणि इंजिनाचा क्रमांक पाहतो. दुसरी अडचण विम्याची. अपघातानंतर सर्व्हेअर बॉनेट उघडतो, आणि पॉलिसीवर लिहिलेली गाडी समोरच्या गाडीशी जुळत नाही हे त्याला दिसल्यावर स्वतःच्या नुकसानीचा दावा तर अडतोच, शिवाय समोरच्या जखमी माणसाच्या भरपाईचा बोजा अखेर मालकाच्या गळ्यात पडू शकतो. घर विकायची वेळ येऊ शकते ती इथे.

समजा, गाडी ट्रॅकसाठीच बांधायची आणि ट्रेलरवरून न्यायची असे तुम्ही ठरवले. तर पहिले काम भंगाराच्या दुकानात आहे. कुर्ल्यात घ्या नाहीतर कोल्हापुरात, इंजिनाबरोबर ज्या गाडीतून ते काढले तिचे कागद, म्हणजे आर.सी. रद्द झाल्याचा पुरावा आणि व्यापाऱ्याची क्रमांकासह पावती, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. क्रमांकाची जागा कापडाने पुसून बोटाने चाचपून पाहा; तिथे घासल्याच्या खुणा असतील तर स्वस्त इंजिनही महाग पडेल. चोरीचे इंजिन तुमच्या शेडमध्ये सापडणे आणि तुम्ही ते अजाणता घेतलेले असणे, या दोन गोष्टींतले अंतर पोलीस ठाण्यात सिद्ध करत बसावे लागते.

इंजिन अजून गाडीतच असेल तर फारच उत्तम. ते गरम करून चारही प्लग काढावेत आणि एक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन पाहावे. निरोगी इंजिनात आकडा प्रति चौरस सेंटिमीटर १४ किलोच्या आसपास येतो. १२ च्या खाली गेलेले सिलिंडर थकलेले समजावे, आणि चारांमधला आपसातला फरक १ किलोपेक्षा जास्त नसावा. ऑइलचे झाकण उघडून आतून पाहा. खव्यासारखा पिवळसर पांढरा थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेले आहे, आणि अॅल्युमिनियमचे हेड एकदा तापून वाकले की ते सरळ करायला मशीन शॉपची पायरी चढावी लागते. इंजिन जमिनीवर काढून ठेवलेले असेल तर निदान पाना लावून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पाहावा, आणि विकत घेताना फक्त इंजिन-गिअरबॉक्स न घेता वायरिंगचा संपूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा), ई.सी.यू. (इंजिन चालवणारा छोटा संगणक), सगळे रिले, एअर फिल्टरची पेटी, एक्सिलरेटरची केबल, पुढच्या सायलेन्सर पाइपासह ऑक्सिजन सेन्सर आणि इंजिनाचे माउंटिंग असे सगळे एकाच गाडीतून घ्यावे. व्यापारी हार्नेस कोयत्याने कापून देतात. तो कापू देऊ नका, तासभर बसून कनेक्टर सोडवा. नंतरच्या एस्टीममध्ये आयकॅट्स नावाची चोरीविरोधी यंत्रणा आहे. तशी गाडी असेल तर तिचे युनिट, स्टार्टिंग स्विचभोवतीची कॉइल आणि मूळ चावी यांच्याविना ई.सी.यू. इंजिन सुरूच करू देत नाही.

इंजिन उतरवणे आणि चढवणे हे त्या मानाने दोन दिवसांचे काम आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. शेडच्या छताच्या पाइपला चेनकप्पी बांधू नका. पत्रा पेलण्यासाठी घातलेला पाइप गिअरबॉक्ससह इंजिनाचे धक्के पेलण्यासाठी नसतो. चाके असलेली इंजिन क्रेन भाड्याने मिळते, ती आणा. गाडी जॅकवर ठेवून खाली कोणीही जाऊ नये, चारही बाजूंना घोड्या (पक्के लोखंडी स्टँड) द्याव्यात. बॅटरी सर्वांत आधी सोडावी. अॅल्युमिनियमच्या आट्यांमध्ये लोखंडी बोल्ट आवळताना हाताचा अंदाज चालत नाही, टॉर्क पाना लागतो. आटे गेले तर त्यात स्प्रिंगसारखे इन्सर्ट बसवून घेण्यासाठी दिवस मोडतो. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकची पुढची-मागची ऑइल सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवे घालावे. गाडीत बसल्यावर याच वस्तूंना तिप्पट वेळ लागतो.

स्ट्रोक वाढला म्हणजे ब्लॉकची उंचीही वाढली, हे लक्षात असू द्या. बॉनेट टाकण्याआधी इंजिनाच्या सर्वांत उंच भागावर कणकेचा गोळा ठेवावा, बॉनेट हलकेच बंद करून उघडावे आणि गोळा किती दबला ते मोजावे. घरी चालणारी ही साधी युक्ती आहे. इंजिन माउंटिंगवर हलते, त्यामुळे निदान दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. माउंटिंगचे ब्रॅकेट जुळत नसेल तर इथे तिथे वेल्डिंगचे टाके मारून भागवू नये. जाड पट्टीतून नवे ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घ्यावे. आमच्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम माप नेले की करून मिळते.

आता ज्या कामात घरगुती प्रयत्न बहुधा अडकतात तिकडे वळू. तुमची झेन कार्ब्युरेटरची आहे. तिचा पेट्रोल पंप इंजिनावर बसलेला, कॅमवर चालणारा, आणि त्याचा दाब जेमतेम पाव किलो. एमपीएफआय इंजिनाच्या इंजेक्टरना त्याच्या दहापट, म्हणजे अडीच ते तीन किलो दाब लागतो. म्हणून टाकीत विजेचा पंप हवा, दाब सहन करणारे फिल्टर आणि होज हवेत, आणि उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी स्वच्छ नळी हवी. पुढे आलेल्या एमपीएफआय झेनची टाकी पंपासह मिळाली तर निम्मे काम वाचते, कारण बॉडी तीच आहे.

माझ्या त्या पहिल्या गाडीत मी नेमकी इथे चूक केली होती. टाकी आणि पंप नीट बसवले, पण इंजिनाजवळचा वीतभर लांबीचा जुना होज ‘दिसायला चांगला आहे’ म्हणून तसाच ठेवला. तो कार्ब्युरेटरच्या दाबासाठी केलेला होता. तीन आठवड्यांनी गाडी उभी असताना पेट्रोलचा उग्र वास आला म्हणून बॉनेट उघडले, तर क्लिपच्या शेजारी त्या रबराला करंगळीच्या पेराएवढा फुगवटा आला होता आणि त्याच्या टोकाला असलेल्या सुईच्या छिद्रातून पेट्रोलचा धुरकट फवारा निघत होता. तो पडत होता हाताच्या अंतरावरच्या तापलेल्या मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या) दिशेने. मी चावी बंद केली, सगळ्यांना दूर केले आणि बराच वेळ काहीच केले नाही. त्या दिवसापासून इंधनाच्या मार्गात जुना रबरी तुकडा मी ठेवत नाही, आणि इंजेक्शनसाठी म्हणून छापलेला होज नसेल तर गाडी सुरू करत नाही.

पंपाच्या वायरिंगमध्येही एक सवय जीवघेणी आहे. चावी फिरवल्यावर ई.सी.यू. पंप दोन-तीन सेकंद चालवतो आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. अपघातात इंजिन थांबले की पेट्रोल वाहणेही थांबावे, हा त्यामागचा हेतू आहे. हार्नेसमधली पंपाची वायर सापडली नाही की काही वायरमन ती सरळ इग्निशनला जोडून देतात. गाडी छान चालते, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण उलटलेल्या गाडीत तोच पंप टाकी रिकामी होईपर्यंत चालत राहतो. पंपाची वायर रिलेमधूनच गेली पाहिजे, आणि ‘चेक इंजिन’चा दिवाही डॅशबोर्डवर जोडलेलाच असला पाहिजे, तो नसेल तर ई.सी.यू. काय सांगते आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

हार्नेस जुळवताना दोन्ही गाड्यांचे वायरिंग आराखडे समोर ठेवा आणि प्रत्येक वायरीला कागदी चिठ्ठी लावा. इंजिनासाठी म्हणून एस्टीमचा हार्नेस जसाच्या तसा वापरावा, दिवे-वायपर यांसाठी झेनचा, आणि दोन्हींमधले जोड मोजकेच ठेवावेत. हे जोड सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवावी. काळी चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते. अर्थिंगच्या पट्ट्या बॉडीवर जिथे बसतात तिथला रंग खरवडून धातू उघडा करावा. इंजिन चालते पण मध्येच धडपडते, सेन्सर बदलूनही फरक पडत नाही, अशा तक्रारींचे मूळ मला बहुतेक वेळा अर्थिंगच्या पट्टीच्या या एका बोल्टखाली सापडले आहे.

आणखी एक बारकावा. एमपीएफआय ई.सी.यू.ला गाडीच्या वेगाचा सिग्नल लागतो, आणि त्या पिढीच्या गाड्यांत तो अनेकदा स्पीडोमीटरच्या आतून येतो. जुन्या झेनच्या मीटरमध्ये फक्त केबल असते. सिग्नल नसला तरी इंजिन सुरू होते आणि पळतेही, मात्र वळणावर किंवा थांबण्याआधी क्लच दाबला की आयडलिंग कोसळून ते बंद पडते. मग लोक थ्रॉटल बॉडी साफ करतात, प्लग बदलतात. एस्टीमचे मीटर बसवणे किंवा केबलवर वेगळा सेन्सर लावणे हे खरे उत्तर आहे.

गिअरबॉक्सबाबत तुम्ही एस्टीमचाच घेत आहात हे ठीक. झेनचा ठेवला तर मोठ्या इंजिनाचा टॉर्क त्याच्या दातांवर आणि बेअरिंगवर येतो. पण मग ड्राइव्ह शाफ्टची लांबी आणि दोन्ही टोकांचे दाते प्रत्यक्ष जुळवून पाहिल्याशिवाय गाडी जमिनीवर उतरवू नका. शाफ्ट थोडा आखूड पडला तर सस्पेन्शन खाली गेल्यावर आतला जॉइंट निसटतो. थंड ठेवण्याची व्यवस्था मोठ्या इंजिनाची हवी, म्हणजे रेडिएटर आणि पंखा दोन्ही. आणि पाणी भरताना हीटर चालू ठेवून हवा पूर्ण काढावी.

ब्रेकचा विचार शेवटी लिहीत असलो तरी बांधताना तो आधी करावा. ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगावरून थांबायचे असेल तर ब्रेकना सुमारे ५६ टक्के जास्त ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, आणि मोठे इंजिन घेणारा माणूस ८० वर राहत नाही. एस्टीमच्या पुढच्या डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर हे एकत्र घ्यावेत, सुटे मिसळू नयेत. हब आणि नकल (चाक आणि ब्रेक ज्यावर बसतात ते भाग) जुळवून झाल्यावरच पैसे मोजावेत. मूळ १४५/७० आर १३ टायरच्या जागी १६५/६५ आर १३ घातला तर बाहेरचा व्यास जेमतेम दोन टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे मीटर फार खोटे बोलत नाही आणि पकड सुधारते. स्ट्रट जिथे बॉडीला बसतो ती वाटी आणि बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा हातोडीने ठोकून पाहा. ‘बॉडी सडलेली नाही’ हे बाहेरून दिसणाऱ्या रंगावरून ठरत नाही.

आता तुमच्या मूळ हेतूकडे. तुम्हाला घाट चढताना न दमणारी आणि ऑइल न खाणारी झेन हवी आहे. तुमच्या इंजिनाच्या अॅल्युमिनियम ब्लॉकमध्ये ओतीव लोखंडाचे लायनर आहेत, त्यामुळे ते बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा घालता येतात. हेडमधले व्हॉल्व्ह गाइड आणि सील नवे घालून, व्हॉल्व्ह ग्राइंड करून बसवले आणि कार्ब्युरेटर नीट साफ करून मिश्रण जुळवले, की १९९७ मध्ये शोरूममधून निघाली तेव्हाची गाडी तुम्हाला परत मिळते. ८५ अश्वशक्ती मिळत नाही, हे खरे. पण आर.सी. बुकातली एक ओळही बदलावी लागत नाही, आणि हार्नेस, टाकी, रेडिएटर, शाफ्ट, ब्रेक यांवर जाणारा खर्च वाचतो; माझ्या अनुभवात हा खर्च इंजिनाच्या किमतीहून नेहमीच जास्त निघाला आहे.

यासाठी मला दोन गोष्टी कळवा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर निळा धूर येतो आणि मिनिटभरात थांबतो, की चढावर एक्सिलरेटर दाबलेला असताना सतत येत राहतो? पहिल्या प्रकारात बहुधा केवळ व्हॉल्व्ह सील कडक झालेले असतात, इंजिन उतरवायची गरजही पडत नाही. दुसऱ्यात रिंगा आणि बोअर पाहावे लागतील. आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन आधी कोरडे, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून, असे दोनदा मोजून आठही आकडे लिहून पाठवा. ऑइल सोडल्यावर आकडा झपकन वर गेला तर दोष रिंगांचा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा. एस्टीमच्या इंजिनासाठी व्यापाऱ्याला इसार मात्र तोपर्यंत देऊ नका.